डोक्यातलं काम भिंतीवर
(लेकुरवाळ्या तायांसाठी एक पाठ)



मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. केळापूर तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीत मी "घरच्या कामाचं नियोजन" हा विषय घेतला होता. आदल्या रात्री बसून चार रंगांच्या पेनांनी तक्ता तयार केला. ५ वाजता उठणे, साडेपाचला पाणी भरणे, ६ ला स्वयंपाक, ७ ला मुलांचा अभ्यास. तक्ता भिंतीला चिकटवला आणि बोलायला लागले. पाच मिनिटं झाली नसतील, तर मागे बसलेली एक ताई म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदात लेकरू रडत नाई का?" तिच्या मांडीवर दीड वर्षाचं बाळ होतं, अन् ते तेव्हाही रडतच होतं.

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उत्तर काही देता आलं नाही. माझं लग्न झालेलं नाही, मला मूल नाही. समाजकार्याची पदवी घेतली, पण हा धडा त्यात नव्हता. बैठक संपल्यावर मी त्या ताईला म्हटलं, "एक दिवस तुमच्यासंगं राहू का?" ती म्हणाली, "या न. पन वेचाले लागन."

त्या एका दिवसात मी जे शिकले, ते या पाठात सांगते. तक्ता मी फाडून टाकला.

तो दिवस

ताईच्या घरी नवरा, सासू आणि तीन लेकरं. मोठी मुलगी दुसरीत, मधला चार वर्षांचा अंगणवाडीत, धाकटं दीड वर्षाचं. मी पोहोचले तेव्हा अंधार होता आणि चूल पेटलेली होती. भाकरी थापता थापता ती मुलीला सांगत होती, "वही पाय कुठी हाय." नळ येण्याची वेळ झाली म्हणून भाकरी तव्यावर टाकून ती बाहेर पळाली. तेवढ्यात बाळ उठलं. सासूबाईंची बीपीची गोळी द्यायची होती. मुलीची वही सापडली नाही, ती रडत शाळेत गेली.

नऊच्या सुमारास आम्ही वावरात. बाळाला धुऱ्यावरच्या झाडाखाली फडक्यावर निजवलं. बाळ उठलं की ताई ओटी सोडून झाडाकडे जायची, त्याला पाजून परत यायची. वेचणीची मजुरी किलोवर असते, हे तुम्हाला मी काय सांगू. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस सगळ्यात कमी भरला. ती काही बोलली नाही. मला मात्र मोजल्यावाचून राहवलं नाही: ती दिवसभरात नऊ वेळा झाडाकडे गेली होती.

घरी आलो तर आशाताई वाट पाहत बसलेल्या. बाळाचा दीड वर्षाचा डोस राहिला होता, मागच्या लसीकरणाच्या दिवशी ताई आलीच नव्हती. "कार्ड दाखवा," आशाताई म्हणाल्या. कार्ड सापडेना. अर्धा तास शोधलं, शेवटी पेटीच्या मागे जुन्या पोत्यात मिळालं. सासूबाई म्हणाल्या, "मायलेच ध्यान नाई लेकराचं." ताईनं मान खाली घातली.

रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "मले माईत होतं मॅडम. तारीखबी माईत होती. पन त्या दिवशी सकाळीच वेचाले न्यायले गाडी आली, अन् डोक्यातून गेलं."

मी त्या रात्री वहीत लिहून काढलं की त्या एका दिवसात या बाईनं काय काय लक्षात ठेवलं होतं. नळाची वेळ, गॅस कधी संपेल, सासूची गोळी, मुलीची वही, मधल्याचा खोकला, बचतीचे पैसे, कर्जाचा हप्ता, रेशन कधी सुटणार, उद्या कोणाच्या वावरात जायचं, शेळी गाभण आहे ती कधी विणार. २३ गोष्टी झाल्या. त्यातली एक सुटली, आणि सगळ्यांनी तेवढी एकच मोजली.

हे एकटीचं नाही

आपल्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये घरोघरी जाऊन लोकांना दिवसभराच्या वेळेचा हिशोब विचारला. घरची बिनपगारी कामं, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणंभांडी, जी माणसं करतात, त्यांच्यात बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. पुरुषाची ८८ मिनिटं, म्हणजे दीड तासही नाही. लेकरांची आणि घरच्या माणसांची काळजी घेणं वेगळं मोजलं, तर बाईची १३७ मिनिटं आणि पुरुषाची ७५.

ही झाली हातानं केलेली कामं. लक्षात ठेवण्याचं काम कोणत्या मिनिटात धरायचं? भाकरी थापतानाही ते चालूच असतं.

आता एक विचारते. आपल्या गटाचा हिशोब आपण डोक्यात ठेवतो का? कोणी किती बचत भरली, कोणाचा हप्ता राहिला, हे सचिव ताईला तोंडपाठ असलं तरी आपण ते नोंदवहीत लिहितोच. सचिव आजारी पडली तरी दुसरी कोणी वही उघडून सांगू शकते. पंचसूत्रीत नियमित लेखे ठेवायला सांगितलं आहे ते यासाठीच. मग एवढं मोठं घर आपण एकाच बाईच्या आठवणीवर का चालवतो?

या पाठाचं मुख्य सांगणं एवढंच आहे: घरचं जे जे डोक्यात आहे ते बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल असं ठेवा. ते कसं, ते आता बघू.

१. एक भिंत

घरात कॅलेंडर असतंच. गॅस कधी लावला ते आपण त्याच्यावर लिहितोही. ते कॅलेंडर सगळ्यांच्या नजरेसमोर आणि लहान लेकराचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर लावा. शेजारी दोरीनं पेन बांधून ठेवा. पेन बांधलेला नसला तर दोन दिवसांत गायब होतो, हे मी तीन घरांत पाहिलं.

महिना सुरू होताना त्याच्यावर चार गोष्टी मांडा: लसीकरणाचा दिवस, गटाची बैठक, हप्त्याची तारीख आणि शाळा-अंगणवाडीचं काही असेल ते. एवढंच. सगळं लिहायला गेलात तर कोणी वाचणार नाही.

ज्या तायांना लिहिता येत नाही त्यांनी खुणा कराव्यात. लसीला लाल टिकली चिकटवा, बैठकीला गोल, हप्त्याला फुली. एका घरी दुसरीतली मुलगीच रोज सकाळी वाचून सांगते, "आई, आज गोल हाय."

भिंतीवर आणखी एक कागद लावा. त्यावर मोठ्या आकड्यांत रुग्णवाहिकेचा १०८, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठीचा १०२, मग आशाताई, अंगणवाडी ताई आणि शेजारच्या एका भरवशाच्या माणसाचा नंबर. रात्री लेकराला झटके आले तर मोबाईलमध्ये नाव शोधत बसायची ती वेळ नसते.

२. एक पिशवी

एक जाड पिशवी घ्या, चेन असलेली. घरातल्या लेकरांचे सगळे कागद तिच्यातच राहतील. पावसाळ्यात भिजू नये म्हणून आत प्लॅस्टिकची थैली असू द्या. खुंटी ठरवून टाका, पिशवी कायम त्याच खुंटीवर. कागद वापरून झाला की त्याच दिवशी परत पिशवीत.

पिशवीत काय असावं:

माता व बाल संरक्षण कार्ड. हे सगळ्यात महत्त्वाचं. डोस कधी ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. मोटामोटी लक्षात ठेवायचं तर असं: जन्मल्याबरोबर, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, ९ महिने पूर्ण झाल्यावर, १६ ते २४ महिन्यांत आणि मग ५ ते ६ वर्षांत. अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून सुरू होतो आणि पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो. आपल्याकडे पहिले चार डोस बहुतेक होतात, कारण बाळंतीण घरीच असते. १६ ते २४ महिन्यांचा डोस राहतो, कारण तोवर आई वेचणीला लागलेली असते. म्हणून लाल टिकली तिथे नक्की लावा.

अन् एक सांगते. डोस चुकला तर लाजून घरी बसू नका. आधीचे डोस वाया जात नाहीत, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. आशाताईंना सांगा, राहिलेला डोस पुढच्या वेळी घेता येतो.

जन्माचा दाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर फी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळेत नाव घालायला, आधार काढायला हाच मुख्य कागद आहे. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते. दाखला आताच पिशवीत असला तर जूनमध्ये मजुरीचा दिवस बुडणार नाही.

याशिवाय आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या. पिशवी कुठे आहे हे घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत पाहिजे.

३. रात्रीची पंधरा मिनिटं

सकाळी जी धावपळ होते तिचं निम्मं काम रात्री करता येतं. जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी पंधरा मिनिटं उद्याची तयारी करायची. दप्तर भरून दाराजवळ. उद्याचे कपडे एका जागी. पाण्याच्या बाटल्या धुऊन उपड्या. भाजी कोणती ते ठरलेलं. वावरात न्यायची बाळाची पिशवी भरलेली: दोन कपडे, फडकं, वाटी-चमचा, टोपी.

यात "सगळ्यांनी" हा शब्द महत्त्वाचा आहे. ही पंधरा मिनिटं एकट्या आईचीच झाली तर आपण तिचं काम वाढवलं, असं होईल.

याच वेळी एक नजर घरातल्या धोक्याच्या वस्तूंवरही टाका. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात किती घरं बसली, ते आपण विसरलो नाही. औषधाचा डबा घरात लेकराच्या हाताला येईल असा कधीच ठेवू नका, कुलूप लावून ठेवा. रिकामी बाटली तेलापाण्याला वापरू नका. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. रॉकेल, फिनेल, बीपीच्या गोळ्या, सगळं उंचावर.

४. मदत नको, काम वाटून द्या

आपण म्हणतो, "माझे मालक मला मदत करतात." मदत म्हणजे काय? तुम्ही आठवण केली, वस्तू हातात दिली, मग त्यांनी केलं. म्हणजे लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहिलं.

त्याऐवजी एक काम पूर्ण द्या, आठवणीसकट. उदाहरणार्थ, शाळेचं काम बापाचं: वह्या, फी, शाळेची बैठक, सगळं. सासूबाईंच्या गोळ्या त्यांनी स्वतः डबीत मोजून ठेवायच्या. सात वर्षांच्या मुलीनं कॅलेंडर वाचायचं. चार वर्षांच्या मुलानं चपला ओळीत लावायच्या. लहान लेकरांना काम दिलेलं आवडतं, फक्त पहिले काही दिवस वाकडंतिकडं होतं, ते होऊ द्यायचं.

दोन गोष्टी सांभाळा. मोठी मुलगी आहे म्हणून तिला धाकट्याची आई करू नका. तिची शाळा बुडत असेल तर ते नियोजन चुकलं. आणि मुलगा-मुलगी असा फरक कामात ठेवू नका. मुलगा आज चपला लावेल, उद्या ताट उचलेल, तर त्याच्या बायकोला पुढे हा पाठ वाचावा लागणार नाही.

५. गटानं काय करायचं

आतापर्यंत घरातलं झालं. पण त्या ताईचा कापूस काट्यावर कमी भरला, ते कॅलेंडरनं भरून निघत नाही. तिथे गटच पाहिजे.

हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण आई मजुरीला गेल्यावर धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर असतात, हेही त्यांनी पाहिलं. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली, तिला विकासवाडी नाव दिलं. ताई भावंडाला घेऊनच शाळेत येऊ लागली. त्या दोघींनी मुलीला दोष दिला नाही, व्यवस्था बदलली.

लेकरू सांभाळणं ही मजुरी आहे, हे कायद्यानंही मानलेलं आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली होती की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यातल्या एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं, आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची.

आपल्या गटातही हे करता येतं. वेचणीच्या हंगामात ज्यांची लेकरं लहान आहेत अशा चार-पाच जणींनी मिळून वावरात न जाणाऱ्या एका भरवशाच्या काकूंना दिवसभर लेकरं सांभाळायला सांगावं, आणि प्रत्येकीनं आपल्या मजुरीतून ठरलेली रक्कम त्यांना द्यावी. फुकट सांगू नका, फुकटाचं काम चार दिवस चालतं. जागा सावलीची, चूल-विहिरीपासून लांब असावी. कोणतं लेकरू काय खातं, कोणाला कोणतं औषध चालू आहे, हे त्यांना सांगून ठेवा. रक्कम किती, किती दिवस, हे बैठकीत ठरवून ठराव लिहा.

आता दंडाचं बोलते, रागावू नका. आपल्या गटांत बैठकीला उशीर झाला की दंड असतो. शिस्तीसाठी तो पाहिजेच. पण हजेरीपत्रक काढून एकदा बघा, दंड जास्त कोण भरतं? मी दोन गटांत पाहिलं, तर त्याच त्या दोघी-तिघी निघाल्या, आणि सगळ्यांची लेकरं पाच वर्षांच्या आतली. आधी दंड, मग गैरहजेरी, मग "तिचं काही खरं नाही" म्हणून कर्जाच्या वेळी तिचं नाव मागे. शेवटी ती गटच सोडते. नियम आपणच केलेले आहेत, आपणच ठरावानं बदलू शकतो. बैठकीची वेळ अर्धा तास पुढे घ्या. बैठकीत लेकरांसाठी एक सतरंजी वेगळी टाका, दर वेळी एकीनं तिकडे बसावं.

मग त्या ताईचं काय झालं?

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर तुम्ही हसाल. पहिलं कॅलेंडर धाकट्यानं ओढून फाडलं. नवऱ्यानं शाळेचं काम घेतलं, आठ दिवस केलं, मग विसरला. ताईनं ते काम परत स्वतःकडे घेतलं नाही. मुलगी वहीशिवाय शाळेत गेली, गुरुजींनी बापाला बोलावलं, आणि मग त्याच्या लक्षात राहायला लागलं. ताई मला म्हणाली, "दोन दिस जीव तुटला मॅडम, पन मी गप बसली."

बाळाचा डोस पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी झाला. त्या दिवशी ताई वावरात होती. सासूबाई खुंटीवरची पिशवी घेऊन बाळाला नेऊन आल्या. कॅलेंडरवर लाल टिकली होती ना, ती त्यांनाही दिसत होती.

पुढच्या बैठकीत करून पाहा

१. प्रत्येकीनं दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आज आपल्या डोक्यात किती गोष्टी आहेत त्या बोटांवर मोजायच्या. मग एकेकीनं सांगायचं.

२. त्यातली एक गोष्ट भिंतीवर लिहायची आणि एक काम घरातल्या दुसऱ्याला पूर्ण द्यायचं ठरवायचं. कोणतं काम, कोणाला, हे सचिव ताईनं वहीत लिहायचं.

३. ज्यांची लेकरं पाच वर्षांच्या आत आहेत त्यांची कार्डं बैठकीत आणायची. आशाताईंना बोलवा, राहिलेले डोस तिथेच बघून घ्या.

४. गेल्या सहा महिन्यांचं हजेरीपत्रक आणि दंडाची नोंद काढून बघा. वेळ बदलायची का, लेकरांची सोय कशी करायची, यावर चर्चा करून ठराव घ्या.

५. महिन्यानं परत विचारा: काय टिकलं, काय टिकलं नाही? जे टिकलं नाही ते का, तेही लिहा.

तुमच्या गटात काय ठरलं ते मला प्रभागसंघाच्या बैठकीत सांगा. आणि माझ्या कागदात आणखी काय राहिलं असेल तर त्या ताईसारखं भर बैठकीत विचारा. लेकरू रडलं तरी चालेल, त्याला घेऊनच या.

तुमची क्षेत्र समन्वयक, केळापूर